तोबऱ्यात चंदी उरू लागते तेव्हा

खारघरच्या एक वाचक लिहितात: त्यांची आठ वर्षांची मारवाडी घोडी तळोज्यापलीकडच्या एका तबेल्यात असते. दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेल्या या घोडीने गेल्या हिवाळ्यात ४० किलोमीटरची एंड्युरन्स (लांब पल्ल्याची) शर्यत व्यवस्थित पूर्ण केली. जानेवारीत ६० किलोमीटरची शर्यत आहे आणि प्रवेश फी भरून झाली आहे. मंगळवार आणि गुरुवारी १२, शनिवारी १८ आणि रविवारी ३० किलोमीटर अशी रपेट चालू आहे. उरलेले तीन दिवस सईस तिला तासभर लंजिंगवर, म्हणजे लांब दोरीवर गोल, फिरवतो. गेले तीन आठवडे ती चंदी (दाण्याचा खुराक) अर्धी टाकते, खोगीर दिसले की कान मागे टाकते, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला धावते. छातीचा घेर सप्टेंबरात १६८ सेंटिमीटर होता, आता १६३ आहे. रपेटीनंतर नाडी मिनिटाला ६० ठोक्यांवर उतरायला ऑक्टोबरात ९ मिनिटे लागत, आता १४ लागतात. सकाळची नाडी ३६ होती, ती ४४ झाली आहे. प्रशिक्षक सर म्हणतात, "घोडी लाडावली आहे, आता सोडली तर फिटनेस जाईल." सईसमामा म्हणतात, "घोडी मनातून उतरली आहे." इंटरनेटवर वाचलेली ओव्हरट्रेनिंगची सगळी लक्षणे जुळतात. मग हे ओव्हरट्रेनिंगच का? शर्यतीतून माघार घ्यावी का? आणि आता विश्रांती दिली तर वर्षभराची मेहनत वाया जाईल का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला दिवस मोजके आहेत. जानेवारीच्या शर्यतीतून माघार घ्या. कारण काहीही निघो, खाणे सोडलेली, वजन घटलेली आणि नाडी उशिरा उतरणारी घोडी ६० किलोमीटरसाठी उभी करू नये. एंड्युरन्सच्या नियमांत प्रत्येक टप्प्यानंतर ठरलेल्या मिनिटांत नाडी ६४ च्या आत यावी लागते. घरच्या रस्त्यावर जिला ६० वर यायला १४ मिनिटे लागतात, ती अनोळखी मैदानावर, गर्दीत, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यानंतर पशुवैद्यकांसमोर अडकण्याची शक्यता मोठी आहे. ती पार पडली तर आणखी वाईट, कारण मग तुम्ही तिला त्याच अवस्थेत पुढच्या टप्प्यावर न्याल.

आता पहिला प्रश्न. ओव्हरट्रेनिंग हे निदान सगळ्यात शेवटी करायचे असते. घोड्यांमध्ये ते सिद्ध करणारी एकही रक्ततपासणी नाही. दोन-तीन दिवसांत उतरतो तो साधा थकवा. आठवडा-दोन आठवडे विश्रांती दिल्यावर घोडा पूर्ववत होतो, तेव्हा समजायचे की ताण थोडा जास्त झाला होता. दोन आठवडे काहीही न करता आणि दुसरा कुठलाही आजार न सापडताही घोडा पूर्वीसारखा चालत नाही, तेव्हाच खऱ्या अर्थाने ओव्हरट्रेनिंग म्हणता येते, आणि मग सावरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. म्हणजे विश्रांती हीच यातली मुख्य तपासणी आहे. ती दिल्याशिवाय तुम्हाला, सरांना किंवा मला काहीच ठामपणे सांगता येणार नाही.

तुमच्या वहीतल्या एका आकड्याने मी थबकले. सकाळची नाडी ३६ वरून ४४ झाली. घोड्याची विश्रांतीतली नाडी साधारण २८ ते ४४ असते, म्हणून तबेल्यात कुणीतरी "नॉर्मलच आहे" असे म्हणेल. पण तिची स्वतःची नाडी आठ ठोक्यांनी वाढली आहे, आणि आपल्याला तिची तुलना तिच्याशीच करायची आहे. शिवाय ओव्हरट्रेनिंग झालेल्या घोड्यांत विश्रांतीची नाडी बऱ्याचदा बदलतही नाही. ती वाढते तेव्हा वेदना, ताप, पाण्याची कमतरता किंवा रक्त कमी होणे या गोष्टी आधी शोधायच्या असतात. "सगळी लक्षणे जुळतात" असे तुम्ही लिहिता. खरे आहे, पण तीच लक्षणे आणखी किमान पाच आजारांशीही जुळतात, आणि त्यांतल्या काहींवर औषध आहे.

पहिला संशय सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे होणारा आजार. पावसाळ्यात आणि नंतरच्या महिन्यांत गोमाश्या एका जनावराचे रक्त दुसऱ्याला पोहोचवतात. ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात म्हशींचे गोठे जागोजागी आहेत. म्हशींच्या अंगात हा जंतू फारशी लक्षणे न दाखवता राहतो आणि शेजारचा घोडा मात्र खंगत जातो. ताप येतो-जातो, वजन उतरते, हिरड्या फिक्या पडतात, पोटाखाली किंवा पायांवर सूज येते. गोचिडांमुळे होणारा पायरोप्लाझ्मोसिसही असाच गुपचूप रक्त कमी करतो. ताप येऊन-जाऊन असल्याने एकदा थर्मामीटर लावून काही कळत नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान घ्या आणि लिहा. ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस ठीक. विश्रांतीत ३८.५ च्या वर एकदाही गेले तर पशुवैद्यकांना फोन करा.

दुसरा संशय, आणि तुमच्या पत्रावरून मला हाच सगळ्यात दाट वाटतो, तो जठरातल्या व्रणांचा. चंदी टाकते पण गवत खाते, तंग आवळताना चिडते, अंगावरची चमक गेली, हे चित्र ओळखीचे आहे, आणि एंड्युरन्सच्या घोड्यांत हे व्रण फार आढळतात. त्यामागचे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे: दिवसाला १५ किलो हिरवे गवत आणि ४ किलो चंदी. पंधरा किलो ऐकायला पुष्कळ वाटते. पण ताज्या हिरव्या गवतात साधारण ८० टक्के पाणीच असते, म्हणजे तिच्या पोटात सुका चारा जातो जेमतेम ३ किलो. तुम्ही दिलेल्या मापांवरून (घेराचा वर्ग गुणिले अंगाची लांबी, भागिले ११,८८०, सगळी मापे सेंटिमीटरमध्ये) तिचे वजन सप्टेंबरात ३४२ किलो होते, आज ३२२. म्हणजे २० किलो घटले. घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो. तिच्यासाठी तो ५ ते साडेसहा किलो होतो. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असते, आणि ते निवळते ती चघळताना गिळलेली लाळ आणि चाऱ्याचा थर यांमुळे. रिकाम्या पोटी ट्रॉट (दुडकी चाल) केला की आम्ल उसळून जठराच्या वरच्या, असंरक्षित भागाला लागते. तेव्हा रपेटीआधी अर्धा तास दोन मुठी लसूणघास द्या. त्यातले कॅल्शियम आम्ल निवळायला मदत करते. "रिकाम्या पोटीच पळवायचे" ही तबेल्यातली जुनी समजूत मोडली पाहिजे. रात्रभर चघळायला सुके गवत समोर ठेवा. ठाणे जिल्ह्यात सुक्या चाऱ्याच्या नावाखाली भाताचा पेंढा गळ्यात मारतात. त्याने पोट भरते, पण पोषण फार होत नाही. व्रणांची खात्री उपाशी पोटी एंडोस्कोपीने होते. गोळ्या किंवा पेस्ट मात्र पशुवैद्यकांनी ठरवलेल्या मात्रेतच. दुखण्याचे इंजेक्शन देऊन "बघू, चालते का" हा प्रयोग कुणालाही करू देऊ नका. त्या औषधांनी व्रण वाढतात, पाणी कमी झालेल्या घोड्याच्या मूत्रपिंडांना इजा होते, आणि लंगडणे झाकले जाते.

लंगडणेही तपासाच. दुखऱ्या पायाने पळणाऱ्या घोड्याची नाडी उशिरा उतरते. सईसमामांना तिला कडक, सपाट जमिनीवर सैल दोरीने ट्रॉट करत तुमच्याकडे आणि तुमच्यापासून दूर न्यायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर जाते. खोगीर काढल्यावर पाठीवर घामात कोरडा ठिपका राहतो का, तेही पाहा. २० किलो उतरलेल्या घोडीला सप्टेंबरातले खोगीर नीट बसत नसणार, आणि कान मागे टाकण्याचे अर्धे कारण तिथेही असू शकते. दातांचे टोकदार कंगोरे वर्षभरात घासून घेतले नसतील तर तेही करून घ्या.

आपल्या हवेतली आणखी एक गोष्ट नीट बघा: तिला घाम येतो का? दमट किनारपट्टीवर काही घोड्यांचा घाम हळूहळू आटतो. रपेटीनंतर आयाळीखाली आणि मांड्यांमध्येच ओल असेल, बाकी अंग कोरडे आणि तापलेले असेल, श्वास धापेचा असेल, तर हेच समजा. अशा घोड्याला सराव वाढवून काहीही मिळत नाही.

रक्त तपासायला द्याल तेव्हा वेळ सांभाळा. घोडा घाबरला किंवा पळाला की प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. मग रक्त कमी असूनही अहवालात भरपूर दिसते. नमुना सकाळी, ठाणावर, शांतपणे घ्यायला सांगा. पूर्ण रक्तगणना, रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब), प्रथिने, मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि स्नायूंची सीके व एएसटी ही विकरे (एन्झाइम) इतके पुरे. सीके व्यायामानंतर चार-सहा तासांत सर्वाधिक वाढते आणि दोन दिवसांत उतरते. दोन दिवस काही न करताही ती चढलेली असेल तर स्नायूंची मोडतोड अजून चालू आहे. एएसटी उतरायला आठवडे लागतात, त्यामुळे मागच्या पंधरवड्यात काय झाले ते त्यातून कळते. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. सर्रा आणि पायरोप्लाझ्मोसिसचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातही तपासले जातात.

आता सरावाकडे येऊ. तुम्ही लिहिता, "आठवड्यातून चारच दिवस रपेट." पण तुमच्याच पत्रात उरलेले तीन दिवस लंजिंग आहे. तासभर गोल फिरणे सांध्यांना आणि कंडरांना सरळ रस्त्यापेक्षा जड जाते. म्हणजे सात दिवसांत तिला सुट्टी एकही नाही. माणसाच्या स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा नीट खाल्ल्यावर साधारण दिवसाभरात भरतो. घोड्याला ४८ ते ७२ तास लागतात. रविवारी ३० किलोमीटर, सोमवारी लंजिंग, मंगळवारी १२ असे चालले, तर तो साठा कधीच पूर्ण भरत नाही आणि दर आठवडा आधीच्या आठवड्याच्या तुटीवर सुरू होतो. शिवाय आठवड्याचे ७२ किलोमीटर, त्यावर दर रविवारी ३०, इतके ६० किलोमीटरच्या शर्यतीसाठी लागतच नाही.

तुमचे वजन ६४ आणि खोगीर-सामान ९, मिळून ७३ किलो. घोडीच्या आजच्या वजनाच्या हे जवळजवळ २३ टक्के आहे. २० टक्क्यांपर्यंत निर्धास्त राहावे असा साधारण नियम. अंगात भरलेले घोडे जास्तही नेतात, पण बरगड्या दिसू लागलेल्या घोडीला ते झेपत नाही. तुमचे वजन वाढलेले नाही हे मला कळते. तिचे घटले आहे.

हवेचाही हिशेब करा. फॅरनहाइटमधले तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १३० च्या आत असेल तर घोडा सहज थंड होतो. १५० च्या वर, विशेषतः आर्द्रता ७५ च्या पुढे असेल, तर घाम नीट सुकत नाही. १८० ला काम करूच नये. ऑक्टोबरातली २६ अंश सेल्सिअसची सकाळ म्हणजे ७९ फॅरनहाइट, त्यात आर्द्रता ८५ धरली तर बेरीज १६४. डिसेंबरात १८ अंश म्हणजे ६४, आर्द्रता ७०, बेरीज १३४. म्हणजे तिची नाडी ऑक्टोबरातल्या उकाड्यात ९ मिनिटांत उतरत होती आणि आता गारव्यात १४ लागतात. हवा सोपी होत असताना घोडी मागे जाते आहे. सरांना दाखवायचे असेल तर हेच पान दाखवा. लाडावल्याने नाडी उशिरा उतरत नाही.

सरांची भीती मात्र अगदीच निराधार नाही, आणि त्यांना तसे सांगा. पण घोड्याची दमछाक सोसण्याची ताकद तीन-चार आठवड्यांच्या विश्रांतीत फारशी उतरत नाही, माणसापेक्षा पुष्कळच कमी उतरते. उलट हृदय आणि स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतात, पण कंडरा, सांध्यांचे बंध आणि हाडे वर्षभर मागे रेंगाळतात. दुसऱ्या वर्षीचा घोडा दमाने मजबूत वाटतो, पण पाय अजून पोहोचलेले नसतात. त्या काळात जास्त मोडतोड होते. सरांकडे "तुमचे चुकले" असा निवाडा मागू नका, चौदा दिवस मागा. त्यात काही सापडले नाही आणि घोडी ताजी झाली, तर पुढच्या मोसमाचे वेळापत्रक त्यांनीच बसवावे, फक्त सुट्टीचे दिवस धरून.

आणि सईसमामांचे म्हणणे मनावर घ्या. ती रात्री आडवी पडते का, लीद किती वेळा टाकते (आठ ते बारा वेळा ठीक), पाणी किती बादल्या जाते, हे एकट्या त्यांनाच ठाऊक असते. त्यांना एक वही द्या, किंवा रोज संध्याकाळी फोनवर विचारून तुम्ही लिहा.

चौदा दिवसांचे असे करा. खोगीर नाही, लंजिंग नाही. पण ठाणावर बांधूनही ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास हाताने चालवा, आणि कुंपण घातलेली जागा मिळाली तर मोकळी सोडा. चंदी पहिल्याच दिवशी निम्मी, म्हणजे २ किलो, तीही तीन वेळा वाटून. काम बंद आणि चंदी पूर्ण ठेवली तर पुन्हा पळवताना मागचे पुठ्ठे आखडतात. वजन भरायचे आहे म्हणून तेवढ्या जागी सुके गवत आणि लसूणघास आठवडाभरात हळूहळू वाढवा. तेल द्यायचे तर रोज ५० मिलीपासून सुरू करून पंधरवड्यात २०० मिलीपर्यंत न्या. गव्हाचा चोकर (कोंडा) कमी करा. त्यात फॉस्फरस फार असतो, कॅल्शियम तुटते. रोज दोन मोठे चमचे साधे मीठ द्या आणि पाणी कायम समोर ठेवा. घोड्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा क्षार जास्त जातात, आणि क्षार कमी पडले की तहानही नीट लागत नाही. दर सोमवारी त्याच वेळी, त्याच फितीने घेर मोजा. नाडी सकाळी चंदीआधी, खराऱ्याआधी, डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा.

या काळात काही दिसले तर वाट पाहू नका. लघवी कॉफीच्या रंगाची झाली, मागचे पाय ताठले आणि ती हलेना, तर तिला चालवू नका, आहे तिथेच उभी ठेवून पशुवैद्यकांना बोलवा. दिवसभर लीद नाही, विश्रांतीतली नाडी ६० च्या वर टिकून आहे, किंवा ताप ३९.५ च्या पुढे गेला, तरी तेच.

पंधराव्या दिवशी अहवाल स्वच्छ असतील, चंदी पूर्ण जात असेल आणि सकाळची नाडी पुन्हा ३६-३८ वर आली असेल, तर त्याच सपाट रस्त्यावर ५ किलोमीटर बेताच्या ट्रॉटने न्या. दहा मिनिटांनी नाडी मोजा, मग ४० मीटर जाऊन ४० मीटर परत असा हाताने ट्रॉट करवा, आणि ट्रॉट सुरू केल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी आला तर छान. चार किंवा जास्त ठोक्यांनी वाढला तर काहीतरी शिल्लक आहे, आणखी दोन आठवडे थांबा. तेव्हाही तसाच आला तर ते खरे ओव्हरट्रेनिंग समजून तीन महिन्यांची सुट्टी पशुवैद्यकांशी बोलून ठरवा.

चाचणी पार पडली तर आठवड्यातून तीनच दिवस काम: एक लांब, एक मध्यम, एक चढावाचे पण छोटे. लांब रपेटीनंतर दोन दिवस पूर्ण मोकळे. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका, आणि जे वाढवाल ते दहा टक्क्यांच्या आत. दर चौथ्या आठवड्याला एकूण काम एक तृतीयांशाने उतरवा. रविवारचे ३० किलोमीटर पुन्हा धरायला घेर १६८ वर येऊ द्या, आणि तेव्हाही ते दोन आठवड्यांतून एकदाच.